दप्तराच्या ओझ्याविरुद्ध राज्यसभेत बोललेल्या लेखकाला आमच्या शाळेच्या कपाटात जागा द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. 6 एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी म्हणजे कापूस आणि तूर घेतो, आणि गेली 11 वर्षं मारुतीच्या देवळाला लागून एक खोली आहे तिथं रोज संध्याकाळी दोन तास गावातल्या पोट्ट्यांसाठी पुस्तकं घेऊन बसतो. कापसाच्या भावावर, बोंडअळीवर, पीक विम्यावर आमच्याकडून मंत्रालयात भरपूर पत्रं येतात, यायलाच पाहिजेत, मी पण लिहिली आहेत. आजचं पत्र मात्र एका लेखकासाठी आहे, आर. के. नारायण.

तुम्हाला नाव माहीत असणारच. मालगुडी डेज. 1986-87 च्या सुमारास दूरदर्शनवर लागायचं तेव्हा मी शाळकरी पोरगा होतो, गावात टीव्ही एकच, ब्लॅक अँड व्हाइट, तो पण ज्यांच्या घरी होता ते ओसरीत काढून ठेवायचे आणि अर्धं गाव अंगणात बसायचं. ती सुरुवातीची धून वाजली की बाया चूल सोडून यायच्या. आम्हाला सगळ्यांना वाटायचं की मालगुडी हे गाव कर्नाटकात कुठंतरी खरंच आहे, आणि तिथलं स्टेशन म्हणजे आमच्या दारव्ह्याचंच स्टेशन, कारण आमच्याकडं तेव्हा शकुंतला चालायची, यवतमाळ ते मूर्तिजापूर, नॅरो गेज, वाफेचं इंजिन, आणि ती पण तशीच निवांत यायची. आता शकुंतला बंद आहे, रुळांवर गवत वाढलंय. मालगुडी नकाशावर कुठंच नाही हे मला फार उशिरा समजलं. नारायण यांनी ते 1930 साली मनातल्या मनात उभं केलं, सगळ्यात आधी त्यांना त्या गावाचं रेल्वे स्टेशनच दिसलं होतं म्हणे, आणि मग आयुष्यभर त्याच गावात राहून लिहिलं, सरयू नदी, मेम्पीचे डोंगर, लॉली रोड, कबीर गल्ली. इंग्रजीत लिहिलं, पण माणसं सगळी आपल्या ओट्यावर बसणारी.

1935 साली त्यांची पहिली कादंबरी आली, स्वामी अँड फ्रेंड्स, स्वामी नावाच्या शाळकरी पोराची गोष्ट. त्याआधी किती प्रकाशकांनी परत पाठवली होती. शेवटी त्यांनी इंग्लंडात शिकणाऱ्या दोस्ताला कळवलं की दगड बांध आणि थेम्स नदीत बुडवून टाक. त्या दोस्तानं बुडवली नाही, ग्रॅहम ग्रीन या लेखकाला वाचायला दिली आणि ग्रीननं प्रकाशक शोधून दिला. हा माणूस कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला होता साहेब, वर्षभर घरी बसून वाचत होता, आणि त्यांचे वडील हेडमास्तर! दहावीत एखाद्या विषयात राहिलेली पोरं माझ्याकडं येऊन मान खाली घालून बसतात तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगतो. त्याच माणसाला पुढं द गाइड साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला 1960 चा, इंग्रजीतल्या लेखनासाठी पहिलाच.

आता मुद्द्याचं सांगतो. स्वामीच्या पुस्तकात एक प्रसंग आहे. वडील स्वामीला गणित घालतात, रामाकडं 10 आंबे, त्याला त्याचे 15 आणे पाहिजेत, कृष्णाला 4 च आंबे पाहिजेत, तर कृष्णानं किती द्यायचे. स्वामी किती तरी वेळ विचार करतो आणि वडिलांना विचारतो, आंबे पिकलेले होते की कच्चे? वडील हसू दाबून म्हणतात, आधी गणित सोडव, मग सांगतो.

मी हे मोठ्यानं वाचून दाखवत होतो, मागच्या दिवाळीच्या आधी. सहावीतली एक पोरगी, तिचे आईवडील दोघंही मजुरीनं कापूस वेचायला जातात, ती हसली नाही. बाकी सगळे हसले. तिनं दप्तरातून गणिताची वही काढली आणि मला एक उदाहरण दाखवलं, अमुक क्विंटल कापूस, अमुक भाव, एकूण रक्कम काढा, आणि म्हणाली, "काका, कापूस कोनत्या वेच्याचा ते लिवलंच नाई ना इथं. फरदडीचा असन तं एवढा भाव कोन देईन?" बरोबर होतं तिचं. पहिल्या वेच्याच्या म्हणजे पहिल्या वेचणीच्या कापसाचा आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही ठेवलेल्या झाडांवरच्या कापसाचा, भाव एक कसा असेल, हे आमच्या इथं शेंबडं पोरगं पण सांगेल. पण वर्गात तिनं हे विचारलं तेव्हा तिला खाली बसवलं होतं, उदाहरण सोडव म्हणून. त्या दिवशी तिला पहिल्यांदा समजलं की आपल्यासारखा प्रश्न पडलेला पोरगा पुस्तकात पण आहे आणि तो 1935 सालापासून आहे. पुस्तक घरी घेऊन गेली. चार दिवसांनी परत आणलं, वरून खताच्या पिशवीचं कव्हर चढवून, कडा दाभणानं शिवलेल्या. तिच्या आईनं शिवलं होतं.

साहेब, 1986 साली नारायण यांची राज्यसभेवर नेमणूक झाली. तिथं ते पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा पुस्तकांवर, पुरस्कारांवर बोलले नाहीत. ते बोलले शाळेच्या पोरांच्या दप्तरावर. एवढ्या ओझ्यानं पोरं वाकून चालतात, हात पुढं लोंबतात, हे दप्तर बंदच करा, गरज पडली तर वटहुकूम काढा, असं 80 वर्षांच्या आसपासचा माणूस सभागृहात सांगत होता. त्यातूनच पुढं प्राध्यापक यशपाल यांची समिती नेमली गेली आणि 1993 साली तिचा अहवाल आला. त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे, की पाठीवरच्या वजनापेक्षा जास्त घातक ओझं न समजता शिकण्याचं असतं. माझ्या मते स्वामीच्या आंब्यात हे सगळं आधीच होतं. आपल्या महाराष्ट्रात 2015 साली शासन निर्णय निघाला, दप्तर पोराच्या वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको म्हणून. चांगला निर्णय होता. वजनकाट्यावर दप्तर मोजता येतं. ते दुसरं ओझं काट्यावर येत नाही, त्याला गोष्टच लागते, आणि आमच्या पोट्ट्यांना त्यांच्या घरातली वाटेल अशी गोष्ट लागते.

आणि नारायण यांचं सगळंच आमच्या घरातलं वाटतं हो. द फायनान्शियल एक्स्पर्ट मधला मार्गय्या वडाच्या झाडाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसतो, समोर सहकारी बँक, आणि शेतकऱ्यांना कर्जाचे फॉर्म भरून देतो. आमच्या तालुक्याला बँकेसमोर लिंबाच्या झाडाखाली असाच एक जण बसतो, फक्त पेटीच्या जागी आता लॅपटॉप आहे, सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स, सगळं तोच लावून देतो. अ टायगर फॉर मालगुडी मध्ये तर वाघच आपली गोष्ट सांगतो. ज्या गावातल्या माणसानं टिपेश्वर अभयारण्याच्या वाघाच्या भीतीनं रात्री पीक राखायला जागलीला जाणं सोडलंय, त्या गावातल्या पोरांनी वाघाच्या तोंडून वाघाची गोष्ट ऐकणं किती मोठी गोष्ट आहे, मला नीट सांगता येत नाहीये. मी हे वाचून दाखवलं त्या दिवशी म्हातारी माणसं पण खोलीच्या दारात येऊन उभी होती.

आता अडचण. आसपासच्या गावांत मी फिरलो. पुस्तकांचं कपाट बहुतेक ठिकाणी आहे, कुलूप पण आहे. एका शाळेत तर मी कपाट उघडायला लावलं तेव्हा पुस्तकांची प्लास्टिकची पॅकिंग पण फोडलेली नव्हती. मी त्या गुरुजींना दोष देत नाही. पुस्तकं त्यांच्या चार्जमध्ये, रजिस्टरवर नोंद, एखादं हरवलं तर भरून कोण देणार, म्हणून ते पोरांच्या हातात देत नाहीत. ते मनानं फार चांगले आहेत, त्यांनी मला स्वतः सांगितलं की भाऊ, आमाले पन वाटते पोट्ट्यानं वाचाव.

तर माझं मागणं एवढंच आहे. नारायण यांची पुस्तकं मराठीत आली आहेत, ती जिल्हा परिषदेच्या शाळांना द्या, मोठ्या वर्गांसाठी सोबत इंग्रजी प्रत पण द्या, कारण त्यांचं इंग्रजी इतकं साधं आहे की ज्या पोराला इंग्रजीच्या तासाला घाम फुटतो त्याला पण शब्दकोश न उघडता दोन पानं वाचता येतात, मी करून बघितलंय. 15 ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन करतो, नारायण यांचा जन्म 10 ऑक्टोबरचा, 1906 चा. 10 ते 15 हे सहा दिवस भाषणं, हारतुरे, फोटो काही नको, रोज पहिल्या तासाला फक्त एक गोष्ट मोठ्यानं वाचायची.

आणि एक परिपत्रक काढा साहेब, की वाचून फाटलेल्या, हरवलेल्या पुस्तकाचे पैसे कोणत्याही शिक्षकाकडून वसूल होणार नाहीत आणि कपाटाची किल्ली वर्गात खिळ्याला टांगलेली राहील, पोरांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक वाचक