सैंधवात ‘८४ खनिजे’ कुठून आली?

महोदय,

उपवासाचे दिवस आले की सैंधवाच्या पाकिटांवरचा ‘८४ नैसर्गिक खनिजांनी युक्त’ हा मजकूर आरोग्याच्या सदरांतही जसाच्या तसा उतरतो. घोळ ‘खनिज’ या शब्दाचा आहे. आहारशास्त्रात लोह, कॅल्शियम, आयोडीन यांना खनिजे म्हणतात. भूशास्त्रात खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक घडणीचा आणि अणूंची ठरावीक मांडणी असलेला घन पदार्थ. या अर्थाने सैंधवात मुख्य खनिज एकच, हॅलाइट. म्हणजे सोडियम क्लोराइड. त्याचे स्फटिक एकमेकांत गुंतून थरच्या थर साचले की तो झाला खडक. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार, अभ्रक डोळ्यांना वेगवेगळे दिसतात. शेंदेलोण, म्हणजेच सैंधव, हा मात्र जवळजवळ एकाच खनिजाचा खडक.

आता हिशेब करा. चांगल्या गुलाबी सैंधवात सोडियम क्लोराइड सुमारे ९७ टक्के धरले, तर दिवसाच्या ५ ग्रॅम मिठात बाकी सगळे मिळून १५० मिलिग्रॅम. त्यातही बराचसा भाग जिप्सम आणि चिकणमातीचा. उरलेली लांबलचक यादी प्रयोगशाळेच्या यंत्राला सापडते, शरीराच्या उपयोगी पडेल इतकी ती नसते. ज्याची खरोखर गरज आहे ते आयोडीन तर बहुतेक सैंधवात घातलेलेच नसते. म्हणून वर्षभर फक्त सैंधव खाऊ नये.

गुलाबी रंग लोहाच्या ऑक्साइडचा. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून परीक्षा सोपी आहे. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चमचाभर सैंधव विरघळवा आणि तासभर हलवू नका. तळाशी तांबूस गाळ बसून वरचे पाणी नितळ झाले तर रंग निसर्गाचा. सगळेच पाणी गुलाबी राहिले तर वरून दिलेला. पाकिस्तानातून होणारी आयात मे २०२५ पासून पूर्ण बंद आहे आणि आपल्याकडे खाणीतले मीठ हिमाचलातल्या मंडी भागात तेवढे, तेही मळकट. तेव्हा पाकीट घेताना त्यावर मूळ ठिकाण लिहिले आहे का, हे पाहावेच.

किराणा दुकानात ‘खडे मीठ’ म्हणून मिळते ते सैंधव नव्हे, ते उरण-भाईंदरकडच्या मिठागरांतले समुद्री मीठ. स्फटिक मात्र तोच. समुद्राचे पाणी आटत एक पंचमांशावर आले की जिप्सम बसते, एक दशांशावर आले की हॅलाइट. मिठागरात उरलेले कडू पाणी काढून टाकतात; ते राहिले तर त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे मीठ पाझरते. पाकिस्तानी पंजाबातल्या खेवड्याला, जिथे सैंधवाच्या खाणी आहेत, समुद्र आटून मीठ साचण्याचे हेच ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी घडले. वरच्या थरांच्या दाबाखाली मीठ मळलेल्या कणकेसारखे सरकते, म्हणून त्याचे वय ठरवणे अवघड जाते. १९४० च्या दशकात पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींना त्यात वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष सापडले आणि त्यांनी ते मीठ कितीतरी अलीकडचे, इओसीन काळातले (सुमारे ५.६ ते ३.४ कोटी वर्षांपूर्वीचे) मानले. तो वाद बराच गाजला. पादेलोण, म्हणजे काळे मीठ, या चर्चेत येतच नाही. ते भट्टीत तयार केलेले मीठ आहे.

शाळांच्या भूगोल कक्षातल्या नमुन्यांबद्दल थोडे. हॅलाइट म्हणून पेटीत कधी कधी कॅल्साइट, म्हणजे चुनखडीतले खनिज, निघते. कडेला बारीक ठोका देऊन पाहा. हॅलाइट तिन्ही दिशांना काटकोनात फुटते, त्यामुळे ठिकऱ्याही चौकोनी पडतात. कॅल्साइटच्या तिरक्या पडतात आणि पातळ आम्लाच्या थेंबाने त्यावर फेस येतो. चव घेऊन ओळखायचे ते अगदी शेवटी, आणि ओळख नसलेल्या दगडाला तर जीभ लावूच नये.

हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध हॅलाइटही ओलावा ओढून विरघळू लागते. कोकणात जुलैमध्ये उघड्या कपाटातला नमुना असाच कडा गमावतो आणि खालचे लेबलही कुजवतो. धूळ बसली तर नळाखाली धरू नका. १०० मिली पाण्यात ४० ग्रॅम मीठ ढवळा. ३६ ग्रॅमच्या आसपास विरघळून बाकीचे तळाशी राहील. वरच्या निवळीत आणखी मीठ मावत नाही, म्हणून ती नमुन्याला झिजवत नाही. त्यात मऊ ब्रश बुडवून धूळ काढा, लगेच टिपा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. पुड्या पावसाळ्यात एक-दोनदा तरी बदलाव्या लागतात. मिठाच्या शोभेच्या दिव्यांनाही हाच नियम. दिवा बंद असला की ते पाझरतात आणि खारे पाणी होल्डरमध्ये उतरते.

— भूशास्त्राचे एक शिक्षक, पुणे