कोमट असते ते वरचे पाणी

संपादक महोदय,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत पवना धरणाकाठच्या तंबूतल्या मुक्कामाचे पानभर कौतुक वाचले. छायाचित्रे सुरेख आहेत, तुंग आणि तिकोना हे किल्ले लगेच ओळखू आले. पण 'पाणी कोमट असल्याने मुले तासन्‌तास डुंबू शकतात' या वाक्यापाशी आले आणि पुढे वाचवेना.

गेल्या एप्रिलमध्ये याच वाक्यापायी माझा भाचा मरता मरता वाचला. 'पाणी कोमट आहे, मुलांना बिनधास्त सोडा,' असे तंबूवाल्याने आम्हाला फोनवर सांगितले होते. भाचा १९ वर्षांचा, लहानपणापासून तरण तलावात पोहणारा. काठाला पाणी खरेच कोमट होते, मी स्वतः गुडघाभर उतरले होते. पण उन्हाने तापते ते वरचे पाणी. गार पाणी जड, ते खाली बसते, आणि वारा पडलेला असला की दोन्ही मिसळत नाहीत. त्यात धरण म्हणजे काही तरण तलाव नव्हे, बुडालेली शेते आहेत ती. उन्हाळ्यात पाणी उतरले की पायाखाली गाळ आणि जुने बांध येतात. भाचा कमरेएवढ्या पाण्यातून चालत होता. बांध संपला आणि एकदम पुरुषभर पाणी लागले. गारठ्याने पोटऱ्यांत गोळे आले. तो हात वर करत होता आणि आम्हाला वाटले, मजा करतोय. बहिणीने त्याचा फोटोसुद्धा काढला. तो फोटो तिने पुसलेला नाही, पण उघडूनही बघत नाही.

ट्यूबवर बसून जाळे काढत असलेल्या गावातल्या एका दादांनी त्याला दंडाला धरून ओढला. तंबूवाल्याचे कुणीही पाण्यापाशी नव्हते. लाइफ जॅकेट होती पाच, तीही गाठोडे बांधून बोटीत ठेवलेली, त्यातल्या दोन जॅकेटांचे पट्टे तुटलेले. 'ती बोटिंगवाल्यांसाठी, पोहायला लागत नाहीत,' हे तंबूवाल्याचे उत्तर. निघताना त्याच माणसाने बोटिंगचेही पैसे लावले. आम्ही बोटीत पाय ठेवला नव्हता. भांडायचे त्राण कुणात नव्हते म्हणून देऊन टाकले. त्याचा राग आजही जात नाही.

१८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेली बोट उलटली, माणसे गेली, तेव्हा कुठे गेटवेवर लाइफ जॅकेट सक्तीचे झाले. धरणाकाठीही आधी माणसे जाण्याची वाट पाहायची का?

आणखी एक. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडची माणसे पितात, याचा तुमच्या लेखात उल्लेखही नाही. आपल्या मुंबईत विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे तलाव म्हणून आपल्याला काठावरही जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मग दुसऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यात आपण साबण लावून अंघोळ करायची, रात्रीच्या पत्रावळ्या आणि बाटल्या काठावर टाकून यायच्या, हे कसे चालते? सकाळी तो कचरा मी डोळ्यांनी पाहिला आहे.

मे महिन्याच्या सुट्ट्या तोंडावर आहेत. तुमचा लेख वाचून लालबाग-परळची, मुलुंड-डोंबिवलीची कितीतरी कुटुंबे तिकडे निघतील. माझी हात जोडून विनंती आहे, येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा: पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला खोली विचारा, प्रत्येकाच्या अंगात पट्टा लावलेले लाइफ जॅकेट असल्याशिवाय बोटीत बसू नका, आणि पाण्यात कुणी हात वर केला तर फोटो काढू नका, धावा.

– एक वाचक, लालबाग, मुंबई