नडगीच्या शस्त्रक्रियेआधी धावण्याची ढब बदलून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धावताना ठरावीक अंतरावर नडगीची बाहेरची बाजू दगडासारखी घट्ट होते, पावलाला मुंग्या येतात आणि थांबलं की पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत होतं. हा व्यायामातून होणारा ‘कंपार्टमेंट सिंड्रोम’ असू शकतो, म्हणजे पायातल्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढण्याचा दोष. अशा धावपटूला आधी विश्रांती सांगतात आणि मग एकदम शस्त्रक्रिया. मधला उपाय क्वचितच सांगितला जातो, म्हणून हे पत्र.

व्यायामात स्नायू सुमारे २० टक्क्यांपर्यंत फुगतात. गुडघ्याखालचे स्नायू वेगवेगळ्या कप्प्यांत असतात; त्या कप्प्यांभोवतीचं आवरण तितकं ताणलं गेलं नाही, की आतला दाब चढतो. नुसत्या विश्रांतीनंतर धावायला लागलं की दुखणं परततं, कारण धावण्याची ढब तीच असते. घट्ट पट्टीने तर दाबात भरच पडते.

बहुतेकदा पुढचा कप्पा दुखतो. टाच आधी टेकवणाऱ्याला चवडा वर धरावा लागतो आणि तो आपटू नये म्हणून सावकाश खाली सोडावा लागतो. ही दोन्ही कामं याच कप्प्यातल्या स्नायूंची. चवड्यावर उतरलं की ती हलकी होतात. अमेरिकी लष्करातल्या १० रुग्णांना ६ आठवडे असं धावायला शिकवलं, त्याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा दाब उतरला आणि वर्षभरात एकालाही शस्त्रक्रिया लागली नाही. रुग्ण थोडेच होते, तरी सुरी लावण्याआधी एवढं करून पाहायलाच हवं.

मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं साधन) लावून १६८ ते १७६ करा. पाऊल शरीराच्या पुढे फेकू नका, कमरेखालीच टेकवा. सुरुवातीला एक मिनिट धावा, एक मिनिट चाला. अशा दहा फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. चूक होते ती इथे: टाच अधांतरीच ठेवून लोक बोटांवर धावतात आणि पोटरी, टाचेमागची शीर दुखावून घेतात. चवड्यामागोमाग टाच अलगद टेकलीच पाहिजे. दुखणं मागच्या कप्प्यात असेल तर मात्र हा उपाय उलटू शकतो.

म्हणूनच निदान आधी. व्यायामानंतर एका मिनिटाने कप्प्यातला दाब पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या किंवा पाच मिनिटांनी २० मिलिमीटरच्या वर असेल, तर हाच दोष समजतात. नडगीच्या हाडावर एकाच बिंदूला दाबून दुखत असेल, तर हाडाला चीर गेल्याची शंका घ्या. स्नायू सैल करणाऱ्या बोटुलिनमच्या इंजेक्शननेही या दोषात काहींना आराम पडतो, पण स्नायूची ताकद काही काळ कमी होते.

आणि थांबल्यावरही वेदना वाढतच राहिली, पायाची बोटं हलवताना असह्य कळ आली, तर यातलं काहीही न करता त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

— एक क्रीडा-फिजिओथेरपिस्ट