आपल्या माणसाला मत?

निर्मळ, वसई

प्रिय शेरल,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला मेसेज वाचला. वर क्रूसाचं चित्र, मध्ये "ख्रिस्ती बांधवांनो, मत वाया घालवू नका, आपल्या माणसालाच निवडून द्या", आणि खाली नाव आणि निशाणी. तू विचारलंस, "आई, ख्रिस्ती म्हणून मी यालाच मत द्यायला हवं का?" फोनवर मी नुसतं "बघू" म्हणाले. शेजारी तुझे बाबा बसले होते, आणि त्यांचं उत्तर तयार होतं. माझं उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहायला बसले.

आधी कायद्याचं सांगते. इतकी वर्षं इलेक्शन ड्युटी केल्यावर ते तोंडातून आधी येतंच. धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे भ्रष्ट आचार आहे. उमेदवाराने किंवा त्याच्या संमतीने कोणी तसं केलं, तर निवडून आलेला माणूसही घरी जाऊ शकतो. आणि हे उमेदवाराच्या धर्मापुरतं नाही. मतदाराच्या धर्माची हाक देऊनही मत मागता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला दिला, चार विरुद्ध तीन मतांनी. ते प्रकरण आपल्या शेजारचंच होतं, सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीचं. तेव्हा तो मेसेज पुढे पाठवू नकोस. कोणी पाठवायला सांगितलं तर हे कारण सांग, आई सांगते म्हणून सांगू नकोस.

पण तुझा प्रश्न कायद्याचा नव्हता, श्रद्धेचा होता. मग बायबलच काढ. शास्त्यांच्या पुस्तकाचा नववा अध्याय. रविवारच्या मिस्सेत तो वाचला जात नाही, म्हणून आपल्याकडे तो फार जणांना ठाऊक नसतो. गिदोन हा इस्राएलचा पुढारी. त्याला लोक म्हणाले, तू आमच्यावर राज्य कर. तो म्हणाला, मी करणार नाही, माझा मुलगाही करणार नाही. तो गेल्यावर त्याचा एक मुलगा, अबीमलेख, आपल्या आजोळी शखेमला गेला. त्याचा प्रचार किती छोटा होता बघ: सत्तर जणांपेक्षा एकाने राज्य केलेलं बरं, आणि मी तुमच्याच हाडामांसाचा आहे, हे लक्षात ठेवा. एवढंच. काय करणार, कसं करणार, काही नाही. शखेमचे लोक म्हणाले, हा आपलाच भाऊ. मंदिराच्या खजिन्यातून त्यांनी त्याला सत्तर चांदीची नाणी काढून दिली. त्या पैशावर त्याने टवाळ, उडाणटप्पू माणसं भाड्याने घेतली आणि आपल्या सत्तर भावांना एका दगडावर मारलं. देवळाचा पैसा, जातभाईची हाक आणि भाड्याची पोरं! मी पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा वाटलं, हे कोणी काल लिहिलंय की काय.

सर्वांत धाकटा योथाम तेवढा वाचला. तो डोंगरावर उभा राहून ओरडला ती गोष्ट तुझ्या आजोबांना फार आवडायची, वाडीवाल्या माणसाला आवडणारच. झाडं आपल्यासाठी राजा शोधायला निघाली. जैतुनाला विचारलं, ते म्हणालं, माझं तेल सोडून मी तुमच्यावर डोलायला येऊ का? अंजीर म्हणालं, माझी गोड फळं कोण सांभाळणार? द्राक्षवेलीनेही नकार दिला. शेवटी काटेरी झुडपाला विचारलं. ते एका पायावर तयार. म्हणालं, या माझ्या सावलीत, आणि आला नाहीत तर माझ्यातून आग निघून लबानोनचे देवदारही जाळून टाकील. काटेरी झुडपाची सावली! तीन वर्षांत शखेमची राखरांगोळी झाली. अबीमलेखाचा शेवट कसा झाला तेही वाच. एका बाईने बुरुजावरून जात्याची तळी त्याच्या डोक्यात घातली. बायबलमध्ये तिचं नाव दिलेलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

या गोष्टीत दोष झुडपाचा जेवढा, तेवढाच जैतुनाचा आणि अंजिराचाही, असं मला वाटतं. आपली वसईची माणसं अगदी तशीच. आपण बरं, आपली केळी बरी, पानवेल बरी, रविवारची मिस्सा बरी. निवडणूक म्हणजे घाणेरडं काम. आणि मग पाच वर्षं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, कोणी बुजवलं, टँकर कोणाचे, बांधकामाला परवानगी कोणी दिली, यावर पायरीवर बसून चर्चा. ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ मात्र स्पष्ट सांगतो की कर भरण्याइतकंच मत देणंही नैतिक कर्तव्य आहे. तेव्हा मत देणं हा तुझ्या आवडीनिवडीचा विषय नाही, एवढं पहिल्यांदा डोक्यात ठेव. पुण्याहून येण्याजाण्याचे पैसे मी देईन.

आता "आपला माणूस". आपला लोकसभेचा मतदारसंघ पालघर. २००८ च्या फेररचनेपासून तो अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. म्हणजे वसईतल्या कुपारी, वाडवळ, ख्रिस्ती कोळी यांच्यापैकी कोणी तिथे उभंच राहू शकत नाही. दर निवडणुकीला कोणी तरी कुरकुरतं की आपला माणूस दिल्लीला जाणार कसा? मला उलट वाटतं. ही आपल्याला मिळालेली फार चांगली शिकवणी आहे. आडनाव बघून मत देण्याची सोयच नाही म्हटल्यावर माणूस बघावा लागतो. आणि हे काही नवं नाही. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याने ख्रिस्ती मतदारांना वेगळे मतदारसंघ दिले होते, म्हणजे ख्रिस्त्यांनी ख्रिस्त्याला निवडायचं. घटना समितीत, १९४९ मध्ये, धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाही सोडल्या गेल्या. अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. फादर जेरोम डिसोझाही घटना समितीत होते आणि त्यांनी त्याला पाठिंबाच दिला. फाळणीनंतरच्या त्या दिवसांत, लहानशा समाजाच्या माणसांनी हातातली हमी सोडून शेजाऱ्यावर विश्वास टाकायचा, याला छाती लागते. आज क्रूस छापून मत मागणारे त्यांच्यापेक्षा मोठे ख्रिस्ती आहेत असं मला वाटत नाही.

तू म्हणशील, आई, तुला भीती वाटत नाही का? वाटते. २००८ ला ओडिशातल्या कंधमालमध्ये ख्रिस्त्यांवर जे हल्ले झाले त्यांच्या बातम्या मी वाचल्या आहेत. आपल्या जिवाची, आपल्या चर्चची काळजी करणारा उमेदवार हवा असं वाटण्यात पाप नाही. घटनेचं पंचविसावं, धर्मस्वातंत्र्याचं कलम कोण मानतो आणि कोण नुसतं तोंडाने म्हणतो, हे जरूर बघ. पण आपली भीती एवढीच मोजपट्टी धरली, तर ती कोणत्याही युनियनची मोजपट्टी झाली. येशूने शेजारी कोण ते सांगताना शोमरोनी माणूस निवडला, ज्याच्याशी यहुदी माणूस व्यवहारही ठेवत नसे. येशू स्वतः मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात भुकेला, तान्हेला, परका, तुरुंगातला म्हणून उभा राहतो. त्यात "ख्रिस्ती असला तर" असं कुठेही नाही.

तान्हेला यावरून पाण्याचंच घे, कारण आपल्या वसईची निवडणूक शेवटी पाण्यावर येतेच. आपल्या नळाला येणारं सूर्या नदीचं पाणी कुठून येतं ते माहीत आहे ना? धामणीचं धरण, कवडासचा बंधारा. तो प्रकल्प बांधला डहाणू, पालघर, विक्रमगडच्या आदिवासींच्या शेतीसाठी. पुढे पाणी शहरांकडे वळत गेलं. नव्या योजनेत दिवसाला ४०३ दशलक्ष लिटर, त्यातलं १८५ वसई-विरारला आणि २१८ मीरा-भाईंदरला. तिकडच्या आदिवासी संघटना त्यावरून भांडत आल्या आहेत, की आमची शेतं कोरडी आणि तुमचे टॉवर भिजलेले. आता उमेदवार स्टेजवर येऊन म्हणतो, "वसईला आणखी पाणी आणीन." टाळ्या पडतात. मीही वाजवल्या असतील, नळाला पाणी नसलं की माणूस साधू राहत नाही. पण मत देणाऱ्या ख्रिस्ती मुलीने त्याला पुढचा प्रश्न विचारायचा: कोणाचं आणणार? गळती थांबवून, पावसाचं साठवून, बावखलं वाचवून आणणार, की त्या आदिवासींच्या शेतातून? आपल्या वाडीत केळीचे लोंगर उतरवायला येणाऱ्या वारली बाईचं गाव त्या कालव्याच्या खालीच आहे. आणि राखीव जागा तिच्या माणसांसाठी असली, तरी वसई-नालासोपाऱ्याची लाखो मतं तिथला निकाल फिरवू शकतात. तेव्हा तुझं मत तिच्याही वतीने आहे.

हेच बाहेरून आलेल्या लोकांबद्दल. नालासोपाऱ्यात खोली घेऊन राहणारा, पहाटेची लोकल पकडणारा माणूस. आपल्याकडे जेवणावर बसलं की "यांनीच वसई बिघडवली" हे वाक्य येतंच. हिरवा पट्टा गेला याचं दुःख खरं आहे, पण तो पट्टा विकणाऱ्यांच्या सातबाऱ्यावर आपलीही आडनावं आहेत, हे जेवणावर कोणी बोलत नाही. "परक्यांना हाकला" हे ज्याचं एकमेव भाषण आहे, त्याला मत देताना मत्तयचा पंचविसावा अध्याय घशाला अडकायला हवा.

आणखी एक, जे वसईत कोणी विचारत नाही. दलित ख्रिस्ती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. नगर आणि मराठवाड्याच्या ख्रिस्ती गावांत हा पोटाचा प्रश्न आहे. आपल्याला त्याची झळ नाही, म्हणून आपल्या "ख्रिस्ती हिताच्या" यादीत तो नसतो. तुझ्या त्या मेसेजमध्येही नाही. मग ती यादी ख्रिस्ताची की आपल्या आळीची?

उमेदवार कसा असावा याचं बायबलमधलं सर्वांत कामाचं वाक्य एका सासऱ्याने जावयाला सांगितलंय. इथ्रो मोशेला म्हणतो, कर्तबगार, देवभीरू, खरी आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसं निवड (निर्गम १८). यातलं "देवभीरू" आपल्याला ओळखता येत नाही, ते नाटकात सहज जमतं. सणाला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून फोटो काढणारे मी ढिगाने पाहिले. "लाचेचा तिटकारा" मात्र तपासता येतो. अर्जाबरोबर प्रत्येक उमेदवाराला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं: मालमत्ता, कर्ज, गुन्हे. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर ते मिळतं. आधीच्या निवडणुकीचं शेजारी उघडून ठेव आणि पाच वर्षांत काय किती वाढलं ते बघ. तू कॉमर्सची आहेस, तुला माझ्यापेक्षा लवकर कळेल. आणि आदल्या रात्री दारात पाकीट आलं तर? आपल्या पॅरिशमधले काही शहाणे म्हणतात, पैसे घ्यायचे आणि मत मनाप्रमाणे द्यायचं. घेणंही गुन्हाच आहे. शिवाय एकीकडे खोटं बोलायचं आणि दुसरीकडे कबुलीजबाबाला जायचं, हे जमवायला फार कसरत लागते.

आता जिथे श्रद्धा नाव सांगत नाही ती जागा. वाढवण बंदर. सुमारे ७६,००० कोटींचा प्रकल्प, डहाणूच्या किनाऱ्यावर. आपले कोळी, ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही, म्हणतात मासळीची पैदास जाईल, जाळी कुठे टाकायची? दुसरीकडे तुझ्या वयाची मुलं म्हणतात नोकरी लागेल, रोज विरार लोकलला लोंबकळणं सुटेल. मी कोळ्यांच्या बाजूने आहे, तुझे बाबा बंदराच्या. आम्ही दोघं एकाच बाकावर बसून एकच प्रार्थना म्हणतो. इथे बायबल उघडून होय-नाही मिळत नाही. माहिती काढावी लागते, नुकसान कोणाचं आणि भरपाई खरंच मिळते का हे विचारावं लागतं, आणि समोरच्याला "तू ख्रिस्ती आहेस की नाही" असं न म्हणता भांडावं लागतं. ते आम्हाला नेहमीच जमतं असं नाही.

म्हणूनच फादर कोणाचं नाव घेत नाहीत. तू म्हणालीस ते घाबरतात. तसं नाही. धर्मगुरूंनी पक्षात सक्रिय होऊ नये हा ख्रिस्तसभेचाच नियम आहे, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच लिहून ठेवलंय की ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेला बांधलेली नाही. पण गप्प बसणं वेगळं. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी रान उठवलं तेव्हा त्यांनी झाडं, विहिरी आणि दडपशाही यांवर बोट ठेवलं, आणि त्या मोर्च्यांत सगळ्या धर्मांची माणसं चालली. पाणी कोणाचं हे व्यासपीठावरून विचारणं त्यांचं काम होतं. बटण कोणतं दाबायचं ते तुझं.

मतदानाच्या दिवशी केंद्र आपल्या शाळेतच आहे. यादीत नाव आहे का ते आठवडाभर आधी तपास, कार्ड असलं म्हणजे यादीत नाव असतंच असं नाही. मोबाईल घरी ठेव. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती नीट बघ. पुष्कळ जण घाईघाईने निघून जातात. कोणीच पटलं नाही तर २०१३ पासून "नोटा" आहे, पण सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं वाचल्याशिवाय ते बटण दाबायचा तुला हक्क नाही, असं माझं मत.

घरी आलीस की बाबा तुला विचारतील, कोणाला दिलंस. सांगू नकोस. मीही विचारलं तरी सांगू नकोस. येताना पुण्याहून बाकरवडी आण, आजीने दोनदा आठवण केली आहे.

तुझी,
आई