सुपाचा दाटपणा घेवड्यातूनच यावा

महोदय,

थंडी पडली की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सुपाच्या पाककृती येऊ लागतात आणि बहुतेकींत शेवटी कॉर्नफ्लोअर किंवा क्रीम घालायला सांगितलेले असते. घेवडा आणि कंदमुळांच्या सुपाला या दोहोंची गरज नसते. घेवडा पुरता शिजला की त्याच्यातला स्टार्च सुटतो आणि सूप आपोआप दाट, मऊसर होते.

कोरेगाव तालुक्यातला, भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा या सुपासाठी फार उत्तम. शिजल्यावर त्याचे पट्टे जातात, चव मात्र राहते. हिवाळ्यात खरिपाचा नवा माल मिळतो, तोच घ्यावा. उष्ण, दमट जागी पडून राहिलेला जुना घेवडा कितीही शिट्ट्या काढल्या तरी कडकच राहतो.

चार जणांसाठी 150 ग्रॅम घेवडा 8 ते 10 तास भिजवावा. भिजवलेले पाणी ओतून द्यावे, ताजे पाणी घालून कुकर लावावा आणि पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर 20 मिनिटे ठेवावा. दाणा दोन बोटांत धरला की सहज चिरडला पाहिजे. टोमॅटो, चिंच, लिंबू यांतले काहीही त्याआधी घालू नये. आंबटामुळे दाणा मऊ पडत नाही.

घेवडा अर्धवट शिजलेला चालतो, हा समज मात्र धोक्याचा आहे. राजमा आणि त्याच्या जातीच्या घेवड्यात लेक्टिन नावाचे एक विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्च्या दाण्यांनीही काही तासांत उलट्या, जुलाब होऊ शकतात. कुकरमध्ये ते नष्ट होते. उघड्या पातेल्यात शिजवताना निदान अर्धा तास खळखळून उकळी हवी. उकळीपर्यंत न पोहोचणाऱ्या स्लो कुकरमध्ये भिजवलेले दाणे थेट टाकले, तर ते कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतात.

कंदांमध्ये 250 ग्रॅम लाल गाजर आणि 200 ग्रॅम रताळे घ्यावे. चमचाभर लोण्यावर एक कांदा, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि गाजर मंद आचेवर आठ-दहा मिनिटे परतावे. ही पायरी गाळली की सूप उकडलेल्या भाजीसारखे सपक लागते. मग रताळे आणि दोन वाट्या पाणी घालून मऊ शिजवावे. रताळ्याऐवजी बटाटा घेतल्यास तो मिक्सरमधून काढू नये, चिकट होतो. सुरण टाळलेला बरा: त्याची खाज मोडायला आंबट लागते आणि चव बिघडते.

मूठभर दाणे अख्खे बाजूला काढून बाकी सगळे पुरणयंत्रातून काढावे. साली वर राहतात. मिक्सरमध्ये त्या बारीक होऊन जिभेला लागतात. मिक्सरच वापरायचा तर मिश्रण निववून, भांडे अर्धेच भरावे. गरम वाफेने झाकण उडते. मग घेवड्याचे शिजलेले पाणी, मीठ, मिरपूड घालून एक उकळी काढावी, अख्खे दाणे सोडावेत आणि लिंबू वाढताना पिळावे. गार झाल्यावर सूप घट्ट होते, तेव्हा पुन्हा तापवताना गरम पाणी घालावे.

घेवडा किंवा राजमा असलेली कोणतीही पाककृती छापताना भिजवण्याचा आणि शिजवण्याचा वेळ आवर्जून द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सातारा