केंटे कुणाचे, तेही छापा

महोदय,

आपल्याकडील एका स्टुडिओने केलेल्या ‘आफ्रिकन’ फॅशन फोटोशूटची छायाचित्रे पाहिली. घानातील असांते आणि एवे समाजांचे विणकर अरुंद मागावर पट्ट्या विणून, त्या एकमेकींना शिवून जे केंटे वस्त्र तयार करतात आणि ज्याच्या विणकामाला २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले, त्यावर केनिया-टांझानियातील मसाई स्त्रियांचे मण्यांचे गळपट्टे चढवले होते. पावरा आदिवासी स्त्रीचे चांदीचे दागिने काश्मिरी फेरनवर घालावेत, तसेच हे झाले (दिसते छान, हे मान्य). आपल्या सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या आदिवासी होळीतील वेश कुणी नुसते ‘एथनिक’ म्हणून छापले, तर आपल्याला खटकतेच. मग छायाचित्राखाली त्या समाजाचे व देशाचे नाव देणे जड का जावे?

— एक वाचक, शहादा