क्रीडामंत्री साहेब, त्या ६० पोरांच्या कागदावर पहिल्या क्लबचं नाव आहे का?

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
कोल्हापूरच्या पेठेतल्या एका फुटबॉलवाल्याचा नमस्कार.

साहेब, थेट मुद्द्यावर येतो. १४ डिसेंबर २०२५ला वानखेडेवर मेस्सी आला, सचिनने त्याला जर्सी दिली, पब्लिक वेडं झालं, आणि त्याच कार्यक्रमात सरकारने प्रोजेक्ट महादेवा सुरू केलं, तेरा वर्षांखालची ६० पोरं-पोरी निवडायची आणि त्यांना पाच वर्षं स्कॉलरशिप, ट्रेनिंग सगळं द्यायचं. चांगलं आहे. मी नावं ठेवायला बसलो नाहीये, आमच्याकडे फुटबॉलसाठी सरकारने खिशात हात घातला हीच बातमी आहे. माझा प्रश्न एकच आहे आणि तो तुम्हाला कारकुनी वाटेल. या ६० जणांच्या रजिस्ट्रेशनवर त्यांचा पहिला क्लब कोणता ते लिहिलंय का? म्हणजे ज्या तालमीत, ज्या मंडळात, ज्या गावच्या टीममध्ये त्यांनी पहिल्यांदा बूट घातले, त्यांचं नाव कुठल्या सिस्टीममध्ये आहे का, की ते पोरगं डायरेक्ट सरकारच्या कॅम्पमध्ये जन्माला आलं असंच रेकॉर्डला दिसणार?

हे का विचारतोय ते कळायला इक्वाडोरला जावं लागेल. मेस्सीचा अर्जेंटिना नाही, नेमारचा ब्राझील पण नाही. इक्वाडोर, लोकसंख्या पावणेदोन-दोन कोटी, आपला महाराष्ट्र १२ कोटींच्या वर.

तिथला मोइसेस कैसेडो तुम्हाला माहीत असेल-नसेल. सांतो डोमिंगो नावाच्या शहरातला, दहा भावंडांत सगळ्यात धाकटा, घरची गरिबी. पेठेतल्या मैदानावर पोरं खेळतात तसाच वस्तीतल्या मैदानावर खेळायचा. कोवळ्या वयात तो इंडिपेंडिएंते देल वाये या क्लबच्या अकॅडमीत गेला, किटो शहराजवळ सांगोल्की म्हणून गाव आहे तिथं. हा क्लब काही कुणी बडा नव्हता, इक्वाडोरच्या टॉप लीगमध्ये पहिल्यांदा आला तोच २०१०ला. पण त्यांनी एक गोष्ट पक्की ठरवली की स्टार विकत घ्यायचे नाहीत, घडवायचे. देशभर फिरून पोरं शोधायची, राहायची-खायची सोय करायची, शाळा क्लबच्याच आवारात, म्हणजे सकाळी प्रॅक्टिस आणि मग वर्ग, पोरगं फुटबॉलपटू झालं नाही तरी शाळा शिकून बाहेर पडतं. आणि रिझल्ट बघा, २०१६ला लिबर्टाडोरेसच्या, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या फायनलला, २०१९ आणि २०२२ला त्याखालची कोपा सुदामेरिकाना जिंकली, २०२३ला रेकोपामध्ये, म्हणजे या दोन स्पर्धांच्या विजेत्यांच्या लढतीत, ब्राझीलच्या माराकाना स्टेडियमवर जाऊन फ्लेमेंगोला हरवलं. माराकानावर! २०१६ची ती फायनल हरले खरे, पण त्याच वर्षी देशात मोठा भूकंप झाला होता तर नॉकआउटच्या होम मॅचचा गेटचा पैसा भूकंपग्रस्तांना देऊन टाकला. असा क्लब.

कैसेडो तिथून २०१९ला सिनियर टीममध्ये आला, २०२०ला अंडर-२० लिबर्टाडोरेस जिंकला, त्याच वर्षी देशाकडून खेळला, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये १९ वर्षांचा असताना इंग्लंडच्या ब्रायटनने त्याला घेतलं, सुमारे ४५ लाख पौंडांना. आता इथं आपल्याकडे असतं तर हारतुरे, रॅली, चौकात फ्लेक्स, आणि पुढच्या रविवारी खेळला नाही की शिव्या. ब्रायटनने काय केलं तर घाई केली नाही. बेल्जियमच्या बीरशॉट क्लबला लोनवर, म्हणजे काही काळ उसना, पाठवला, जानेवारी २०२२ला परत बोलावला, आणि तरी प्रीमियर लीगमध्ये पहिल्यांदा उतरवला तो एप्रिलमध्ये, आर्सेनलच्या मैदानावर, ब्रायटन २-१ जिंकलं आणि त्यातला एक गोल याच्या पासवर. म्हणजे करार झाल्यापासून वर्ष उलटून गेलं होतं. एवढा पेशन्स आपल्याकडे कुणाला आहे सांगा, मला पण नाही.

पुढं ऑगस्ट २०२३ला चेल्सीने त्याला १० कोटी पौंडांना घेतलं, वर दीड कोटीपर्यंत ॲडऑन, म्हणजे अटी पुऱ्या झाल्या तर द्यायचे जादा पैसे. लिव्हरपूलबरोबर ब्रायटनचा आकडा ठरलेला होता तरी गडी चेल्सीलाच जाणार म्हणून अडून बसला, तो वेगळाच सिनेमा. ४५ लाखाचे अडीच वर्षांत १० कोटी. सगळे म्हणाले ब्रायटन लई हुशार. आहेतच. पण मला त्यातला दुसरा आकडा जास्त भारी वाटतो आणि तो हेडलाइनला येत नाही.

फिफाचा नियम आहे, सॉलिडॅरिटी म्हणतात त्याला. करार संपायच्या आधी खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की त्या रकमेतले ५ टक्के बाजूला काढायचे आणि तो १२ ते २३ वयात जिथं जिथं घडला त्या सगळ्या क्लबांना वर्षाच्या हिशोबाने वाटायचे. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला एकूण रकमेच्या पाव टक्का, १६पासून पुढं प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. आणि २०२०पासून असं झालंय की व्यवहार इंग्लंडमधल्या इंग्लंडमध्ये झाला तरी घडवणारा क्लब दुसऱ्या देशातला असेल तर त्याला वाटा द्यावाच लागतो. आता गणित करा साहेब. १० कोटी पौंडांचा पाव टक्का म्हणजे अडीच लाख पौंड, तेव्हाच्या भावाने अडीच कोटी रुपयांच्या वर. हे एका वर्षाचे. चौदा वर्षांच्या पोराला एक सीझन सांभाळला, वरण-भात घातला, बूट घेऊन दिले, त्याचे. सोळाव्या वर्षाचे याच्या डबल. आणि हे कधी, तर पोरगं क्लब सोडून गेल्यावर अडीच वर्षांनी, ब्रायटन आणि चेल्सीच्या व्यवहारात, ज्यात देल वायेच्या माणसाला फोनसुद्धा उचलायला लागला नसेल. पुढं परत कुणी पैसे मोजून घेतला तर परत.

फक्त अट एकच आहे. ते पोरगं त्या वर्षी त्या क्लबकडून रजिस्टर होतं असा कागद पाहिजे. २०२२पासून फिफाने क्लिअरिंग हाऊस काढलंय, पॅरिसला. फिफाच्या सिस्टीममध्ये ऑनलाइन रेकॉर्ड बघून खेळाडूचा पासपोर्ट बनतो, कुठल्या वर्षी कुठं होता तो, आणि त्यावरून क्लिअरिंग हाऊस पैसे वाटतं. रेकॉर्डला नाव नाही तर हक्क सांगायला जायचं कुठल्या तोंडाने?

आता आमच्याकडे या. कोल्हापूरचा फुटबॉल तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा आमच्या टीम, शाहू स्टेडियमला मोठी मॅच असली की आख्खी पेठ रिकामी. नायजेरियाचे प्लेअर येऊन खेळून जातात आमच्यात. पण ज्युनियरची मॅच बघायला या कधी. सकाळची वेळ, एक सर असतात, त्यांच्या हातात प्लास्टिकची फाइल, त्यात आधार कार्डाच्या झेरॉक्स, शाळेचे दाखले, पावसाने चिकटलेले फोटो. टीम शीटवर पेनाने नावं लिहितात, स्पेलिंग दर मॅचला वेगळं, एक पोरगं कधी 'पाटील एस' कधी 'पाटील सोहम', जन्मतारखेवरून दोन्ही टीमची भांडणं, आयोजक वैतागून म्हणतो खेळवा हो, आणि मॅच संपली की तो कागद कुठं जातो देवाला ठाऊक. चार वर्षं एका तालमीने पोरगं वाढवलं याचा पुरावा काय तर कुणाच्या तरी मोबाईलमधला ट्रॉफीबरोबरचा ग्रुप फोटो. मला माहितीय एका तालमीचं चांगलं पोरगं बाहेरच्या अकॅडमीत गेलं, तिथं त्याचं रजिस्ट्रेशन 'प्रथमच' म्हणून झालं. आधीची चार वर्षं कागदावर झालीच नाहीत. पोराची चूक नाही, अकॅडमीची पण नाही म्हणा, त्यांनी सिस्टीममध्ये शोधलं आणि तिथं काही सापडलं नाही.

सिस्टीम आहे बरं का. एआयएफएफचं, म्हणजे भारताच्या फुटबॉल महासंघाचं सीआरएस आहे, खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी. पण बारा वर्षांच्या पोराला त्यात घालायचं तर क्लब स्वतः संलग्न पाहिजे, कागदपत्रं पाहिजेत, कुणीतरी कॉम्प्युटरवर बसणारा पाहिजे, आणि तालमीत संध्याकाळी प्रॅक्टिस घेणारा माणूस दिवसभर एमआयडीसीत ड्युटी करून आलेला असतो. त्याला सीआरएस म्हटलं की तो म्हणतो, बघू नंतर.

तुम्ही म्हणाल, आमची पोरं कुठं इंग्लंडला जातायत की हा हिशोब करायचा. बरोबर आहे, एवढ्यात जाणार नाहीत, मी पण स्वप्नात नाही. ब्रेक्झिटनंतर इंग्लंडचे क्लब बाहेरच्या देशातला १८ वर्षांखालचा खेळाडू घेऊच शकत नाहीत, ब्राझीलच्या एस्तेवाओचं चेल्सीशी २०२४ला ठरलं तरी त्याला १८ होईपर्यंत त्याच्या पाल्मेरास क्लबलाच थांबावं लागलं, आणि जाता जाता २०२५च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये त्याने चेल्सीलाच गोल मारला, मजाच. वर वर्क परमिटसाठी पॉइंटचं गणित आहे, देश रँकिंगमध्ये पहिल्या पन्नासात असला तर देशाकडून खेळल्याचे पॉइंट मिळतात, आपण शंभराच्या पण बाहेर. वानखेडेवर त्या दिवशी सुनील छेत्री होता ना, त्याला विचारा, २००९ला लंडनच्या क्यूपीआर क्लबशी करार झाला होता, भारताचं रँकिंग कमी म्हणून वर्क परमिट नाकारलं. आणि आमचा अनिकेत जाधव, कोल्हापूरचा, तुमच्याच खात्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढं आलेला, २०१७चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, २०१९ला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्स क्लबला ट्रेनिंगला जाऊन आला. ट्रेनिंगला. ब्लॅकबर्न २०१०पासून आपल्या पुण्याच्या वेंकीजचं आहे तरी त्याच्यापुढं गाडी जात नाही, कारण नियम मालकाचं गाव बघत नाहीत.

पण फिफाचा वाट्याचा नियम काही फक्त इंग्लंडपुरता नाहीये. पोरगं उद्या थायलंडला विकलं गेलं, पोर्तुगालच्या दुसऱ्या डिव्हिजनला विकलं गेलं, तरी लागू. रक्कम छोटी असेल. २० लाखाचा व्यवहार झाला तर एका वर्षाचे पाच हजार येतील, हसू नका, पाच हजारात आमच्याकडे सहा-सात चांगले बॉल येतात. आणि कैसेडो १२-१३ वर्षांचा होता तेव्हा तो १० कोटींचा होणार हे कुणाला माहीत होतं? कागद तेव्हाच करावा लागतो.

तर मागणं एवढंच आहे. महादेवाच्या ६० पोरांचा पहिला क्लब, वर्षासकट, सीआरएसवर चढवून द्या, नसेल तो क्लब संलग्न तर विफाबरोबर, म्हणजे राज्याच्या फुटबॉल संघटनेबरोबर बसून आधी तो संलग्न करा, फी काय असेल ती सरकारने भरावी, वानखेडेच्या त्या स्टेजचा एका दिवसाचा खर्च पण लागणार नाही. मग जिल्हा क्रीडा कार्यालयात एक माणूस ठेवा ज्याचं काम फक्त हेच, लॅपटॉप घेऊन तालमी-तालमीत जायचं, संध्याकाळी सहानंतर, कारण त्याच्या आधी तिथं कुणी भेटत नाही. बारा वर्षांच्या प्रत्येक पोराचं नाव एकाच स्पेलिंगमध्ये, जन्मतारीख, क्लब, सीझन. ग्राउंड द्या, कोच द्या, हे सगळे मागतातच आणि मी पण मागीन, गांधी मैदानात पावसाळ्यात तळं होतं त्याबद्दल वेगळं पत्र लिहितो. पण ग्राउंडला टेंडर लागतं, वर्षं लागतात. हे काम या सीझनला होऊ शकतं.

कैसेडोने जानेवारी २०२३ला इन्स्टावर लिहिलं होतं की माझ्यामुळे ब्रायटनला विक्रमी पैसे मिळतील आणि ते क्लबला परत गुंतवता येतील याचा अभिमान वाटतो. क्लब बदलायला मिळावा म्हणून लिहिलं होतं हे खरं, पण विसाव्या-एकविसाव्या वर्षी खेळाडूला एवढं कळतं की आपल्या जाण्यातून मागच्याला काहीतरी मिळालं पाहिजे. आमच्या पोरांना पण कळतं हो, पहिला पगार झाला की तालमीत येऊन बॉल देऊन जातात. ते त्यांच्या मनावर आहे. नियमाने जे यायला पाहिजे ते वेगळं.

शाहू स्टेडियमला सीझन सुरू झाला की या साहेब, फायनलच्या बक्षीस समारंभाला सगळेच येतात, तुम्ही सकाळच्या ज्युनियर मॅचला या, सांगून येऊ नका, आणि आल्यावर पहिली टीम शीट मागून बघा.

आपला,
पेठेतला एक फुटबॉलवाला, कोल्हापूर